वॉलरसच्या सुळ्यांचा व्यापार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे दात कोरून वस्तू बनवायच्या म्हटल्या की हत्तीच डोळ्यांसमोर येतो. पण साधारण ९व्या शतकापासून १७व्या शतकापर्यंत उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातून वॉलरसचे सुळे निघत होते. एक वाट नॉर्वेमार्गे युरोपातल्या चर्चपर्यंत जायची, दुसरी व्होल्गा नदीवरून मध्य आशिया, इराण आणि शेवटी थेट मुघल दरबारापर्यंत. या दोन वाटांवर एकाच वस्तूची किंमत अगदी वेगळ्या कारणांसाठी केली जायची. मला या विषयात सगळ्यात रस वाटतो तो याच गोष्टीचा, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

वॉलरसचे सुळे म्हणजे नक्की काय?

वॉलरस हा सीलच्या नात्यातला, थंड समुद्रात राहणारा सस्तन प्राणी. अटलांटिकमधला मोठा नर टनभर वजनाचा भरतो, पॅसिफिकमधला त्याहूनही भारी. त्याचे सुळे म्हणजे वरच्या जबड्यातले दोन दात, जे आयुष्यभर वाढत राहतात. नर आणि मादी दोघांनाही ते असतात. मादीचे बारीक आणि आखूड. अटलांटिकमधल्या जनावराचा सुळा सहसा हात-दीड हात लांब, पॅसिफिकमधल्या थोराड नराचा मीटरभरही जातो.

सुळा आडवा कापला तर तीन थर दिसतात. बाहेर पातळ कवच, त्याच्या आत गुळगुळीत साईच्या रंगाचा दंतभाग, आणि मधोमध एक गाभा. हा गाभा रवाळ असतो. शिजलेला साबुदाणा गोठवून घट्ट केला तर जसा दिसेल, तसा अर्धवट पारदर्शक आणि डागाळलेला. पुढची बरीचशी कथा या गाभ्याभोवती फिरते, म्हणून तो लक्षात ठेवा.

हत्तीचा दात उपलब्ध असताना वॉलरसच्या सुळ्याला कोण विचारत होतं?

उत्तर युरोपात तो उपलब्ध नव्हता, हेच तर खरं कारण. आणि तो का नव्हता याचा एक धागा आपल्या कोकणापर्यंत येतो.

बगदादचा प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६च्या सुमारास, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आपलं रायगड जिल्ह्यातलं चौल. तेव्हा ते राष्ट्रकूटांच्या राज्यात होतं आणि तिथला कारभार शिलाहार राजा झंझ पाहत होता. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हस्तिदंताबद्दल मसूदी लिहितो की तो माल आधी ओमानला जातो आणि तिथून भारत आणि चीनकडे. असं झालं नसतं तर मुसलमानी मुलखांत हस्तिदंताचा सुकाळ असता, अशी त्याची तक्रारवजा नोंद आहे. भारतात या दाताचं काय करतात, तेही त्याने सांगितलंय: कट्यारींच्या आणि वाकड्या तलवारींच्या मुठी, पण सगळ्यात जास्त खप बुद्धिबळाच्या सोंगट्यांसाठी.

म्हणजे हत्ती ज्या देशात होते तो देशसुद्धा बाहेरून दात मागवत होता. बगदादलाच पुरेसा माल मिळत नसेल तर आल्प्सच्या पलीकडे काय पोचणार? तिथे चर्चना कोरीव क्रूस हवे होते, बिशपना दंडाच्या मुठी हव्या होत्या, सरदारांना पटावरच्या सोंगट्या हव्या होत्या. मागणी होती आणि माल नव्हता. ती जागा उत्तरेकडच्या समुद्राने भरून काढली.

या व्यापाराचा सगळ्यात जुना लेखी पुरावा कोणता?

इंग्लंडच्या वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड याच्या दरबारात ८९०च्या आसपास ओटार नावाचा नॉर्वेजियन पाहुणा आला. तो नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडचा, हालोगालांडचा. आपण किनाऱ्याने उत्तरेला आणि मग पूर्वेला वळून रशियाच्या उत्तरेकडच्या श्वेत समुद्रापर्यंत कसे गेलो हे त्याने राजाला सांगितलं आणि ते जुन्या इंग्रजीत लिहून ठेवलं गेलं. प्रदेश पाहायची हौस होतीच, पण मुख्य कारण वॉलरस, असं तो स्पष्ट म्हणतो: त्यांच्या दातांत फार उत्तम हाड असतं. काही दात त्याने राजाला भेटही दिले.

ओटार हा खलाशी तसाच वसुली करणारा माणूसही होता. उत्तर स्कँडिनेव्हियाच्या मूळ रहिवासी सामी लोकांकडून तो जो कर घ्यायचा त्याची यादी दिलेली आहे. मोठ्या घरच्या माणसाने मार्टिन या मुंगसासारख्या प्राण्याची पंधरा कातडी, पाच रेनडिअर, एक अस्वलाचं कातडं, दहा मापं पिसं आणि प्रत्येकी साठ हात लांबीचे जहाजाचे दोन दोर द्यायचे. यातला एक दोर सीलच्या कातड्याचा असायचा.

दोर? म्हणजे सुळ्यांशिवायही काही विकलं जायचं?

हो, आणि दोराचं महत्त्व आपल्या लक्षात येत नाही कारण तो टिकत नाही. संग्रहालयात सुळा दिसतो, दोर दिसत नाही. वॉलरसचं कातडं अंगठाभर जाड. ते अंगावरून गोल गोल चक्राकार कापत नेलं की न जोडता एक लांबलचक पट्टा निघतो. नॉर्वेत १२५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘राजदर्पण’ या ग्रंथात म्हटलंय की साठ किंवा त्याहून जास्त माणसांनी ओढला तरी हा दोर तुटत नाही. जर्मन विद्वान आल्बेर्टुस माग्नुस याने १३व्या शतकात हे दोर कोलोनच्या बाजारात विकले जात असल्याचं नोंदवलंय. जहाजांची दोरखंडं आणि जड वजनं उचलायचे कप्पीचे दोर यासाठी ताग-अंबाडीपेक्षा ते चांगले समजले जायचे.

वॉलरस कसा पकडतात याचं आल्बेर्टुसने केलेलं वर्णन मात्र भन्नाट आहे. जनावर कड्यावर झोपलं की शिकारी हळूच त्याचं कातडं सोलून त्याला दोर बांधतात आणि मग दगड मारून उठवतात. ते घाबरून पळतं आणि कातडं मागे राहतं! हे त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. माल बाजारात आला तरी जनावर कोणी पाहिलेलं नसायचं, त्यामुळे वाट्टेल ती गोष्ट खपायची.

आइसलँडमध्ये वॉलरस होते का?

होते, आता नाहीत. ८७०च्या सुमारास नॉर्स म्हणजे नॉर्वेकडचे लोक आइसलँडवर राहायला गेले तेव्हा तिथे वॉलरसचे स्वतःचे कळप होते. पश्चिमेकडच्या स्नेफेल्सनेसमध्ये जुनी हाडं भरपूर सापडली आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासातून कळलं की हे वॉलरस एका वेगळ्याच वंशाचे होते आणि माणसं आल्यानंतर काही शतकांत तो वंश पूर्ण संपला. व्यापारासाठी केलेल्या शिकारीने एखादा सागरी कळप नामशेष झाल्याचं हे फार जुनं उदाहरण आहे.

मग लोक ग्रीनलंडला सुळ्यांसाठीच गेले?

शाळेत आपण वाचतो की एरिक द रेड आइसलँडमधून हद्दपार झाला, त्याने बर्फाळ बेटाला ‘हिरवा देश’ असं आकर्षक नाव दिलं आणि ९८५-८६ मध्ये लोकांना घेऊन गेला. जमीन, गायी-मेंढ्या, कुरणं ही कारणं खरीच. पण आइसलँडचे वॉलरस संपत आले होते आणि ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर पुष्कळ होते, हा योगायोग आता अनेक पुरातत्त्वज्ञांना योगायोग वाटत नाही. मलाही वाटत नाही. दोन-अडीच हजारांच्या वस्तीला लोखंड, चांगलं लाकूड, धान्य, चर्चची घंटा, रंगीत काचा, सगळं बाहेरून आणावं लागायचं. त्याच्या बदल्यात लोकर आणि कातडी देता यायची, पण ती तर आइसलँडही देत होतं. एवढ्या लांब जहाज यावं यासाठी हलका, टिकाऊ आणि महाग माल हवा. तो सुळा होता.

ग्रीनलंडमध्ये शिकार कुठे व्हायची?

वस्त्या दक्षिणेला, शिकार उत्तरेला. दर उन्हाळ्यात होड्या शेकडो किलोमीटर उत्तरेकडे डिस्को उपसागर आणि त्याच्या पलीकडे जायच्या. त्या मुलखाला ते ‘नोर्द्रसेटूर’ म्हणायचे. पाण्यातल्या वॉलरसशी भिडणं जिवावरचं काम. किनाऱ्यावर किंवा बर्फावर कळप पहुडलेला असताना भाल्यांनी मारणं सोपं. गवत कापायच्या दिवसांत शेतावरचे धट्टेकट्टे हात असे महिनामहिना बाहेर राहायचे. वस्तीला हे किती जड जात असेल याचा अंदाज शेतकऱ्याला सांगायला नको.

किती उत्तरेला गेले याची खूण १८२४ साली किंगित्तोर्सुअक बेटावर सापडली: जवळजवळ ७३ अंश उत्तर अक्षांशावर, दगडांच्या रचलेल्या ढिगाजवळ, बोटाएवढा लहान, रून या नॉर्स लोकांच्या जुन्या लिपीतला शिलालेख. एर्लिंग, ब्यार्नी आणि एइंद्रिदी या तिघांनी हे ढीग रचले एवढंच त्यावर आहे. २०२४ मध्ये आलेल्या एका डीएनए अभ्यासाचा निष्कर्ष असा की सुळे त्याहूनही उत्तरेच्या, ग्रीनलंड आणि कॅनडा यांच्यामधल्या ‘नॉर्थ वॉटर’ या बर्फमुक्त पाण्याच्या भागातूनही येत होते. त्या भागात थुले इनुइट हे आर्क्टिकचे मूळ रहिवासी लोकही येऊन राहत होते. म्हणजे काही सुळे नॉर्स लोकांनी स्वतः मारलेल्या जनावरांचे, तर काही इनुइटांशी देवघेव करून मिळवलेले असण्याची शक्यता चांगली आहे.

सुळे सुटे विकायचे की कवटीसकट?

सुळ्याचा बराच भाग जबड्याच्या हाडात खोल रुतलेला असतो. ताज्या कवटीतून ओढून काढायला गेलं तर मौल्यवान मूळ फुटतं. काही आठवडे मांस सडू दिलं की हाड छिनून तो मोकळा करता येतो. ग्रीनलंडच्या शेतांवर या कामातले जबड्याच्या हाडाचे कपचे ढिगाने सापडतात, शिकारीच्या जागेपासून लांब असलेल्या घरांतसुद्धा. यावरून सगळी वस्ती या धंद्यात होती हे कळतं.

पण पुष्कळ सुळे कवटीचा पुढचा तुकडा तोडून, त्यात जोडीने रुतलेले असे पाठवले जायचे. वाटेत त्यांना धक्का लागत नसे, आणि भेट द्यायला ती जोडी दिमाखदार दिसायची. काही तुकड्यांवर कोरीवकाम आणि रूनलिपीतली अक्षरंही आहेत. आजच्या संशोधकांसाठी हे घबाडच ठरलं, कारण सुळा कोरला की त्याचा उगम शोधणं अवघड, आणि संग्रहालय कोरीव मूर्तीला भोक पाडू देत नाही. फेकून दिलेल्या जबड्याच्या हाडातून मात्र डीएनए काढता येतो.

त्या डीएनएतून काय समजलं?

दोन गोष्टी. २०१८च्या अभ्यासात असं दिसलं की ११२०च्या दशकाच्या आधी पश्चिम युरोपात येणारे सुळे बरेचसे उत्तर नॉर्वे-रशियाच्या बाजूच्या वॉलरसचे होते. त्यानंतर चित्र पालटलं आणि तपासलेले जवळपास सगळे ग्रीनलंड-कॅनडाच्या बाजूचे निघाले. आता हे ११२०चं दशक का? ग्रीनलंडला स्वतःचा बिशप याच सुमारास मिळाला. त्यासाठी एइनार सोक्कासोन हा ग्रीनलंडचा माणूस नॉर्वेच्या राजाकडे गेला तो एक जिवंत पांढरं अस्वल भेट घेऊन. बिशपचं ठाणं गार्दारला झालं. तिथल्या चर्चच्या आवारात उत्खननात वीस-पंचवीस वॉलरसच्या कवट्या पुरलेल्या मिळाल्या, नारव्हाल या लांब दाताच्या देवमाशाच्याही काही.

दुसरी गोष्ट २०२२ची, आणि ती अनपेक्षित होती. कीव शहराच्या जुन्या बाजारपेठेत वॉलरसच्या जबड्याचे नऊ तुकडे मिळाले होते. सगळ्यांचा समज असा की कीवला माल येणार तो रशियाच्या उत्तरेकडून. डीएनए तपासल्यावर त्यातले बहुतेक ग्रीनलंडच्या बाजूचे निघाले. म्हणजे १२व्या शतकात माल अटलांटिक ओलांडून, स्कँडिनेव्हियातून, नद्यांवरून कृष्णसागराच्या वाटेवर पोचत होता.

पोपला सुळे दिले गेले, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. चर्चचा कर नाण्यांत द्यायला ग्रीनलंडमध्ये नाणीच नव्हती. १२८२ मध्ये पोप मार्टिन चौथा याने नॉर्वेच्या आर्चबिशपला कळवलं की ग्रीनलंडहून येणारी बैलांची आणि सीलची कातडी, वॉलरसचे दात आणि दोर नीट विकता येत नाहीत, तेव्हा ते चांदी-सोन्यात बदलून पाठवा. पुढे १३२७ मध्ये ग्रीनलंडचा धर्मयुद्धासाठीचा सहा वर्षांचा कर नॉर्वेच्या बर्गन बंदरात सुळ्यांच्या रूपात जमा झाला आणि फ्लँडर्सच्या एका व्यापाऱ्याने तो विकत घेतला. मूळ नोंद वजनात आहे. अभ्यासकांनी मांडलेला हिशेब सुमारे ५२० सुळ्यांचा, म्हणजे २६० वॉलरस. दोन-अडीच हजार माणसांच्या वस्तीसाठी हा आकडा छोटा नाही.

लुईसच्या बुद्धिबळाच्या सोंगट्या वॉलरसच्याच ना?

बहुतेक सगळ्या, काही देवमाशाच्या दाताच्या आहेत. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर उइग इथे १८३१ मध्ये वाळूत हा साठा मिळाला. एकूण ९३ वस्तू, त्यात ७८ बुद्धिबळाच्या. ८२ वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ११ एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. काळ साधारण ११५० ते १२००, आणि बनवल्या गेल्या त्या बहुधा नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममध्ये. आइसलँडचे लोक वेगळं सांगतात. स्कालहोल्टचा बिशप पाउल याच्याकडे मार्ग्रेट नावाची कुशल कारागीर होती आणि तिने वॉलरसच्या सुळ्याचा बिशपचा दंड कोरला होता हे सागा नावाच्या जुन्या आइसलँडिक कथेत आहे, म्हणून सोंगट्याही तिच्याच हातच्या, असा त्यांचा दावा. पुरावा तेवढा पक्का नाही, पण मला मार्ग्रेट आवडते.

आपल्या पटाशी तुलना करायला मजा येते. आपल्याकडे कोपऱ्यात हत्ती. तिथे पायदळाचा सैनिक, आणि त्यांतले काही तर दातांनी स्वतःची ढाल चावतायत. आपला उंट तिथे बिशप. वजिराच्या जागी राणी, गालावर हात ठेवून कमालीच्या चिंतेत बसलेली.

२०१९ मध्ये या संचातला आणखी एक सैनिक समोर आला. एडिंबराच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने तो १९६४ मध्ये ५ पौंडांना घेतला होता आणि घरच्यांनी कपाटात ठेवून दिला होता. लिलावात त्याला ७,३५,००० पौंड मिळाले.

कारागिरांना हा माल हत्तीच्या दातापेक्षा अवघड जायचा का?

हो. हत्तीच्या दातातून हातभर उंचीची मूर्ती सलग निघते. वॉलरसचा सुळा मुळातच अरुंद, थोडा चपटा आणि वाकलेला, आणि आत तो डागाळलेला गाभा. म्हणून युरोपीय कारागीर लहान वस्तू करायचे: सोंगट्या, पट्ट्याचे बकल, दंडाची मूठ, पेटीवर बसवायचे चौकोन. मोठं काही हवं तर तुकडे जोडायचे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला १२व्या शतकातला क्रूस, ज्याला क्लॉइस्टर्स क्रूस म्हणतात, असाच जोडून केलेला आहे. उंची जेमतेम दोन वितींच्या वर. गाभा दिसू नये अशा बेताने कोरायचं किंवा तो मागच्या बाजूला न्यायचा, हे कसब होतं.

युरोपच्या लेखी गाभा म्हणजे दोष. पूर्वेकडे नेमकं उलटं झालं.

पूर्वेकडे म्हणजे कुठे, आणि माल कसा जायचा?

व्होल्गाच्या काठच्या बल्गार लोकांची बाजारपेठ हा मुख्य नाका. उत्तरेकडून फर, मेण, मध, गुलाम आणि सुळे यायचे. दक्षिणेकडून दिरहम ही चांदीची नाणी. १०व्या शतकात अल-मुकद्दसी हा अरब भूगोलकार मध्य आशियातल्या ख्वारिझमच्या मालाची यादी देतो त्यात सेबल या छोट्या प्राण्याचं फर, अंबर, मेण यांच्यासोबत ‘माशाचे दात’ आहेत. अल-बिरुनीही सांगतो की बल्गार उत्तर समुद्रातून हातभर लांबीचे माशाचे दात आणतात आणि त्यांच्या सुऱ्यांच्या मुठी होतात. फारसीत ‘दंदान-ए-माही’, रशियनमध्येही अर्थ तोच. ११६०च्या एका रशियन नोंदीत कीवचा राजा रोस्तिस्लाव दुसऱ्या राजाला सेबल, अर्मिन, काळे मार्टिन, पांढरे लांडगे यांची कातडी आणि माशाचे दात भेट देतो. पुढे उस्मानी सुलतानांचे व्यापारी मॉस्कोला जाऊन फरबरोबर हे दातही घ्यायचे.

हा दात विष ओळखतो, असं मानायचे म्हणतात?

‘खुतू’ नावाच्या एका पदार्थाबद्दल अल-बिरुनीने लिहिलंय की विष जवळ आणलं की त्याला घाम फुटतो, म्हणून राजे-रजवाड्यांना तो हवा असतो. खुतू म्हणजे वॉलरस, मॅमथ, गेंडा की आणखी काही, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी विकल्या गेल्या असाव्यात. दूरच्या मालाला औषधी गुण आपोआप चिकटतात. हेच युरोपात नारव्हालच्या दाताबाबत झालं.

मुघल दरबारात हा दात पोचला याचा पुरावा काय?

खुद्द जहांगीरच्या आत्मचरित्रातली नोंद. बादशहाला साधा दात नको होता. त्याला हवा होता डाग आणि नक्षी असलेला, ‘अबलक’ म्हणजे चितकाबरा. इराण-तुराणकडे जाणाऱ्यांना त्याने ताकीद दिली होती की असा दात कुठेही दिसला तर सोडू नका. अखेर १६१९च्या सुमारास तसा एक दात हाती लागला. पूरन आणि कल्याण या दोन उस्तादांना बोलावून त्यातून कट्यारीच्या मुठी करून घेतल्या गेल्या, त्या काळी ‘जहांगिरी’ म्हणून चाल पडलेल्या घाटाच्या. एका मुठीत असे रंग आणि फुलं उमटली की चित्रकाराने काढली असावीत, असं तो लिहितो. खजिन्यात लाखमोलाची रत्नं असताना ही मूठ आपल्याला सगळ्यांत प्रिय आहे, क्षणभरही दूर करावीशी वाटत नाही, हेही. पूरनला बक्षीस म्हणून पोशाख, सोन्याचं कडं आणि एक हत्ती मिळाला. ज्या देशात कारागिराला अख्खा हत्ती इनाम देता येत होता, तिथल्या बादशहाला वॉलरसच्या दाताचं वेड लागलं होतं!

ती नक्षी म्हणजे तोच रवाळ गाभा, ज्याला युरोपीय कारागीर लपवत होता. शिवाय वर्षानुवर्षं मातीत किंवा वाळूत पडलेल्या सुळ्यात खनिजं मुरून तपकिरी, पिवळे, काळपट रंग चढतात; असे जुने सुळेही बाजारात असायचे. जुन्या हत्यारांच्या व्यवहारात अशा मुठीला आजही ‘शेरमाही’ म्हणतात.

ग्रीनलंडची वस्ती सुळ्यांचा भाव पडल्यामुळे संपली का?

फक्त त्यामुळे नाही, पण माझ्या मते ते मोठं कारण होतं. १२५०च्या सुमारास आफ्रिकेचा हस्तिदंत भूमध्य समुद्रातून, जिब्राल्टर ओलांडून थेट उत्तर फ्रान्सच्या बंदरांवर येऊ लागला आणि पॅरिसच्या कारागिरांनी त्यातून उंच, सलग मूर्ती करायला सुरुवात केली. पाहणाऱ्याला एकदा ते दिसलं की वॉलरसचे सांधे खटकणारच. नंतर हवामान थंड होत गेलं, समुद्रात बर्फ वाढलं आणि १३४९ मध्ये प्लेगने नॉर्वेची दैना केली. बर्गनचे व्यापारी आता सुकवलेल्या कॉड माशावर पैसा करत होते. त्यांना दूरच्या ग्रीनलंडला जहाज धाडायची गरज उरली नाही.

२०२० मध्ये मांडलेलं एक निरीक्षण मला सगळ्यात बोलकं वाटतं: उशिराच्या काळातले सुळे लहान जनावरांचे, बऱ्याचदा माद्यांचे आणि आणखी उत्तरेकडच्या कळपांतले आहेत. भाव उतरल्यावर शिकार कमी व्हायला हवी होती, ती वाढली. तेवढंच लोखंड आणायला आता जास्त सुळे लागत होते. पश्चिमेकडची वस्ती १४व्या शतकाच्या मध्यावर ओस पडली. पूर्वेकडच्या वस्तीतली शेवटची लेखी नोंद १४०८ मध्ये ह्वाल्से चर्चमध्ये झालेल्या एका लग्नाची आहे.

त्यानंतर व्यापार थांबला?

नाही, हात बदलले. १६४८ मध्ये सेम्योन देझ्न्योव हा कोसॅक (रशियाच्या सरहद्दीवरचा शिपाई) आपल्या सोबत्यांसह कोलिमा नदीच्या मुखातून निघाला आणि आशिया-अमेरिकेमधली सामुद्रधुनी पार करून गेला, बेरिंगच्या ८० वर्षं आधी. त्या लोकांना सेबल आणि वॉलरसचे सुळे हवे होते. १६५२ मध्ये अनादिर नदीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर त्यांना वॉलरसचे कळप आणि पडलेल्या सुळ्यांचा साठा सापडला, आणि देझ्न्योवच्या अर्जांत त्याबद्दलच जास्त मजकूर आहे. मार्गाचा तपशील याकुत्स्कच्या दप्तरात पडून राहिला तो १७३६ मध्ये एका इतिहासकाराच्या हाती लागेपर्यंत.

पश्चिमेला इंग्रजांच्या मस्कोव्ही कंपनीची जहाजं १६०४ पासून बेअर आयलंडवर वॉलरस मारू लागली. आधी सुळे, मग चरबीचं तेल आणि कातडं. काही वर्षांतच तिथले कळप विरळ झाले आणि जहाजं स्पिट्सबर्गनकडे वळली. कॅनडाच्या सेंट लॉरेन्स आखातातले वॉलरस तर १८व्या शतकाच्या शेवटापर्यंत नाहीसे झाले.

आज वॉलरसची स्थिती कशी आहे?

जागेनुसार वेगळी. स्पिट्सबर्गनच्या द्वीपसमूहात, म्हणजे स्वालबार्डमध्ये, १९५२ साली शिकारबंदी झाली तेव्हा मूठभर जनावरं उरली होती. आज ती काही हजार आहेत. पॅसिफिकमध्ये समुद्रावरचं बर्फ कमी झाल्याने हजारो वॉलरस किनाऱ्यावर दाटीवाटीने चढतात आणि चेंगराचेंगरीत पिल्लं मरतात. अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंडच्या मूळ रहिवाशांना पोटापाण्यासाठी आणि हस्तकलेसाठी मर्यादित शिकार करता येते.

नारव्हालचा दात आणि वॉलरसचा सुळा एकच का?

नाही. नारव्हालचा दात सरळ, पिळाचा आणि दोन मीटरहून लांब वाढतो. युरोपात तो एकशिंग्या घोड्याचं शिंग म्हणून विकला गेला. कोरायला फारसा उपयोगी नाही, कारण आतून बराचसा पोकळ.

जुन्या कट्यारीची मूठ वॉलरसची आहे का, हे कसं ओळखायचं?

भिंग घ्या आणि मुठीचं टोक किंवा जिथे आडवा छेद दिसतो ती जागा पाहा. हत्तीच्या दातावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. त्या रेषांमधला कोन ११५ अंशांच्या वर असेल तर आजचा हत्ती, ९०च्या खाली असेल तर बहुधा मॅमथ. वॉलरसमध्ये ही जाळी नसतेच; रवाळ गाभा दिसतो. हाड असेल तर काळपट ठिपके किंवा रेघोट्या दिसतील, कारण त्यातून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. प्लास्टिकमध्ये यातलं काहीच नाही, किंवा रेघा संशय यावा इतक्या एकसारख्या.

तापलेली सुई टोचून पाहायचा सल्ला अजून दिला जातो. तो ऐकू नका. मुठीवर कायमचा डाग पडतो आणि वॉलरस की हत्ती हे त्यातून कळत नाहीच. मूठ हत्तीच्या दाताची निघाली तर भारतात तिची खरेदी-विक्री करता येत नाही, वस्तू कितीही जुनी असली तरी. वॉलरसची वाटली तरी विकण्याआधी किंवा परदेशी नेण्याआधी वनविभागाला विचारून घ्या, कारण जप्त झाल्यावर ती वॉलरसची आहे हे सिद्ध करत बसण्याचं काम तुमच्याकडे येतं.